परदेशी कंपनी चाकणला येते, त्यात दिल्लीच्या ‘इन्व्हेस्ट इंडिया’चा हात किती?

मंचर-नारायणगावकडचे अनेक तरुण कामासाठी पुणे-नाशिक हायवेने चाकणला जातात. तिथे फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला एलजी आणि पेप्सिको आहेत. त्यामुळे ‘अमुक परदेशी कंपनी पुणे जिल्ह्यात इतके हजार कोटी गुंतवणार’ अशी पोस्ट आली की ती आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच फिरते. कुणाला नोकरीची आशा वाटते, तर कुणाला आपल्या जमिनीचं काय होणार याची काळजी.

पण जर्मनी, जपान किंवा कोरियातली कंपनी भारतात येते म्हणजे नेमकं काय होतं? तिला बोलावतं कोण, परवानगी देतं कोण आणि जमीन देतं कोण? ही तीन कामं तीन वेगवेगळ्या ठिकाणी होतात. हे लक्षात आलं की बातमीतलं खरं-खोटं बरंच कळायला लागतं.

इन्व्हेस्ट इंडिया म्हणजे काय?

‘इन्व्हेस्ट इंडिया’ ही केंद्र सरकारची गुंतवणूक आणणारी संस्था. २००९ मध्ये ती सुरू झाली. ती वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाच्या अंतर्गत येते, पण ते सरकारी खातं नाही. ती नफा न कमावणारी कंपनी आहे. तिच्यात ५१ टक्के वाटा उद्योग संघटनांचा आणि बाकीचा केंद्र व राज्य सरकारांचा आहे. २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सुरू झालं आणि या संस्थेचं काम एकदम वाढलं.

तिचं काम सोप्या शब्दांत सांगायचं तर वाट दाखवणं. समजा एका कोरियन कंपनीला भारतात सुटे भाग बनवायचे आहेत. तिला इथले कर, कायदे, जमिनीचे भाव, कुठल्या राज्यात काय सवलत मिळते, यातलं काहीच माहीत नसतं. इन्व्हेस्ट इंडिया तिच्यासाठी एक अधिकारी नेमते. तो कंपनीला माहिती देतो, राज्यांशी गाठ घालून देतो, फाईल कुठे अडली तर पाठपुरावा करतो. या मदतीचे पैसे घेतले जात नाहीत. जपानी कंपन्यांसाठी ‘जपान प्लस’ आणि कोरियन कंपन्यांसाठी ‘कोरिया प्लस’ असे वेगळे कक्षही सरकारने केले.

मग परवानगी कोण देतं?

परकीय गुंतवणुकीला दोन रस्ते आहेत. पहिला थेट रस्ता. बहुतेक क्षेत्रांत कंपनीला केंद्राची आधी मंजुरी लागत नाही. पैसे आणायचे आणि नंतर रिझर्व्ह बँकेला ठरलेल्या मुदतीत कळवायचं. गाड्यांचे कारखाने आणि अन्नप्रक्रिया यात मोडतात. दुसरा रस्ता सरकारी मंजुरीचा. पूर्वी त्यासाठी परकीय गुंतवणूक प्रोत्साहन मंडळ होतं. ते २०१७ मध्ये बंद झालं आणि मंजुरीचं काम त्या-त्या मंत्रालयाकडे गेलं.

इन्व्हेस्ट इंडिया यातली कुठलीच मंजुरी स्वतः देत नाही. याचा अर्थ काय होतो, ते तळेगावने पाहिलं.

तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना होता. जानेवारी २०२० मध्ये तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं ठरलं. जूनमध्ये ग्रेट वॉलने महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करारही केला. पण त्याआधी एप्रिलमध्ये केंद्राने नियम बदलला होता. भारताला लागून सीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली होती. त्यात गलवानचा संघर्ष झाला. मंजुरी काही आली नाही आणि २०२२ मध्ये व्यवहार मोडला. तोवर, म्हणजे २०२० च्या अखेरीस, तळेगावातलं उत्पादन थांबलं होतं आणि हजाराहून जास्त कामगारांच्या नोकरीचा वाद उभा राहिला होता.

पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. कारखाना तोच, जागा तीच. पण मधली काही वर्षं गेली ती कामगारांची.

जमीन आणि सवलत राज्याच्या हातात

जमीन, वीज, पाणी, राज्याच्या करातली सूट, हे सगळं राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्रात औद्योगिक जमिनीचं काम १९६२ पासून एमआयडीसी करते आणि परवानग्या एका जागी मिळाव्यात म्हणून ‘मैत्री’ नावाचा कक्ष आहे. इन्व्हेस्ट इंडिया देशाची संस्था असल्यामुळे ती कंपनीला ‘महाराष्ट्रातच जा’ असं सांगू शकत नाही. राज्यं एकमेकांशी स्पर्धा करतात.

वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प आठवत असेल. १ लाख ५४ हजार कोटींचा हा प्रकल्प तळेगावात येणार अशी चर्चा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने गुजरातशी करार केला आणि महाराष्ट्रात राजकारण पेटलं. पण जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच या भागीदारीतून अंग काढून घेतलं. ज्या प्रकल्पावरून इतकं भांडण झालं, तो त्या रूपात गुजरातेतही झाला नाही.

या स्पर्धेत फसवणूकही होते. २००५ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना मिळावा म्हणून आंध्र प्रदेश सरकारने सुमारे ११ कोटी रुपये एका कंपनीला दिले. ती कंपनी फोक्सवॅगनची नव्हतीच. प्रकरण सीबीआयकडे गेलं. खऱ्या फोक्सवॅगनने २००६ मध्ये चाकणची निवड केली आणि २००९ मध्ये इथला कारखाना सुरू झाला.

मंचरकरांनी यातून काय घ्यायचं?

२०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परकीय भांडवली गुंतवणुकीपैकी ३९ टक्के एकट्या महाराष्ट्राच्या नावावर आहे. आकडा मोठा आहे. पण त्याचा अर्थ तेवढे कारखाने उभे राहिले असा नाही. देशात सगळ्यात जास्त परकीय पैसा येतो तो सेवा क्षेत्रात.

म्हणून पुढच्या वेळी ‘हजारो कोटींची गुंतवणूक’ अशी पोस्ट आली, तर चार गोष्टी बघा.

१. सामंजस्य करार झालाय की जमिनीचं वाटपपत्र मिळालंय? सामंजस्य करार म्हणजे बोलणी. तो मोडला तरी सहसा कुणावर बंधन येत नाही.

२. गुंतवणूक थेट रस्त्याने येतेय की केंद्राची मंजुरी बाकी आहे?

३. किती नोकऱ्या कायम आणि किती कंत्राटी? राज्याच्या सवलती घेणाऱ्या कंपनीवर स्थानिकांना नोकऱ्या देण्याची अट आहे का?

४. जमीन कुणाची जातेय आणि मोबदल्याचं लेखी काय ठरलंय? शेजारच्या खेड तालुक्यात ‘सेझ’साठी जमिनी गेल्या, पण शेतकऱ्यांच्या १५ टक्के परताव्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजत राहिला.

परकीय गुंतवणूक म्हणजे फक्त एमआयडीसीतली नोकरी असंही नाही. आंबेगावच्या सातगाव पठारावर वेफर्सच्या कंपन्यांसाठी करारावर बटाटा पिकतो. तिथे शेतकऱ्याच्या हातात काय पडणार हे ठरतं करारातला भाव आणि प्रतवारीची अट यांवर.

इन्व्हेस्ट इंडिया कंपनीला दारापर्यंत आणू शकते. पण चाकणच्या चौकातली वाहतूककोंडी दिल्लीतून सुटत नाही, आणि जमिनीचा मोबदलाही तिथे ठरत नाही. त्याची उत्तरं एमआयडीसी, जिल्हाधिकारी आणि आपण निवडून दिलेले आमदार-खासदार यांच्याकडेच मागायला हवीत, आणि तीही करारावर सह्या होण्याआधी.