पियानोचा गांधार

वडील तरुणपणी निजामाच्या दरबारात सारंगी वाजवीत. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. दरबार मी पाहिला नाही, पण सारंगीच्या पस्तीसेक तरफा मिळवण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे. म्हणून शाळेतला पियानो बेसूर झाला तेव्हा वाटले, यात काय आहे! मे महिन्याची सुट्टी होती. खुंट्या फिरवायची किल्ली पैदा केली आणि तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार कानात धरून बसलो.

पहिला गांधार असा गोड लागला की वडील आठवले. मग त्यालाच षड्ज मानून पुढचा गांधार लावला, त्यावरून आणखी एक. तीन गांधार झाले की वरचा षड्ज यायला हवा ना? येत नाही. थोडा अलीकडेच राहतो. तो ओढून आणायला गेलो आणि तार तुटली.

शेवटी सिकंदराबादहून म्हातारे ट्यूनर आले. छावणीच्या त्या गावात चर्च नि मिशनच्या शाळांमुळे हे काम टिकून आहे. त्यांनी तिघा तारांपैकी दोघींत नमद्याची पट्टी खोचून त्या मुक्या केल्या, एकच वाजवली, आणि दोन सुरांमधली थरथर मोजत बसले. गांधार त्यांनी मुद्दाम चढा ठेवला. अर्ध्या सुराचे १०० भाग केले तर सुमारे १४ भागांनी! बाराही पट्ट्या चालाव्यात म्हणून तो प्रत्येकीत सारखाच वाटून घ्यावा लागतो.

"आणि मास्तर, मेमध्ये लावलात?" ते म्हणाले. तारांखालचा लाकडी पडदा उन्हाळ्यात आकसतो, सूर उतरतात. पावसाळी हवेत तो फुगून तारा ताणतो, सूर चढतात. सगळ्या तारांचा मिळून १५ ते २० टन ताण असतो, तेव्हा पुष्कळ उतरलेला पियानो एका बैठकीत वर खेचू नये; दोनदा लावावा. हातोड्यांच्या नमद्याला कसर लागली होती, तीही त्यांनी दाखवली. पियानो बाहेरच्या भिंतीपासून हलवायला लावला, ते वेगळेच.

हल्ली ते वर्षातून दोनदा येतात, एकदा पावसाळा ओसरल्यावर, एकदा उन्हाळ्यापूर्वी. काम संपले की गांधार वाजवून माझ्याकडे बघतात आणि हसतात. मला तो अजून चढाच लागतो.