घेणाऱ्याची अब्रू

फ्लॉरेन्समध्ये सान मार्तिनो नावाचे एक छोटे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या नावाने आजही ओळखले जाणारे एक मंडळ 1442 साली अंतोनिनो या डोमिनिकन मठाधिपतींनी बारा नागरिकांना हाताशी धरून काढले. पुढे हेच अंतोनिनो शहराचे आर्चबिशप झाले आणि चर्चने त्यांना संत मानले. चर्चच्या पायऱ्यांवर हात पसरून बसणाऱ्याला त्या काळी काही ना काही मिळतच असे. मंडळाची नजर गेली ती पायरीपर्यंत येऊच न शकणाऱ्यांकडे. काम सुटलेला कारागीर, धंदा बसलेले घर, कालपर्यंत चारचौघांत मान असलेली आणि आज चूल पेटायची पंचाईत असलेली कुटुंबे. अशा घरांत पाव, कपडे, बाळंतिणीला लागणारे सामान, मुलीच्या लग्नाचा हुंडा पोचवला जाई, आणि तेही बोभाटा न करता. मंदिराच्या भिंतीवर घिर्लांदायोच्या चित्रशाळेने रंगवलेली जी चित्रे आहेत त्यांत हीच कामे दिसतात. एका चित्रात बाळंतीण खाटेवर आहे आणि मंडळाची माणसे सामान घेऊन तिच्याकडे आली आहेत, तर दुसऱ्यात कर्जापायी तुरुंगात पडलेल्याला सोडवले जात आहे. आलेला पैसा साठवायचा नाही, वाटून टाकायचा, हा मंडळाचा नियम होता. तिजोरी रिकामी झाली की दारात मेणबत्ती लावायची, म्हणजे शहराला समजेल, अशी रीत सांगितली जाते. मंडळाची गरज अशी जाहीर होई, गरजूचे नाव मात्र कधीच नाही.

गुप्तदानाविषयी ख्रिस्ती प्रवचनांत जे सांगितले जाते ते बहुधा देणाऱ्याच्या आत्म्याविषयी असते. डोंगरावरच्या प्रवचनात येशू दानाचा गाजावाजा करणाऱ्यांना फटकारतो आणि या हाताचे त्या हाताला कळू नये असे बजावतो. त्यामुळे लपवून देणे म्हणजे स्वतःच्या अहंकाराला लगाम घालणे, एवढाच अर्थ मनात ठसतो. तो खरा आहे, पण माझ्या मते अर्धाच. दान झाकायचे ते आधी घेणाऱ्यासाठी. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय पाहावा. प्रभूभोजनाला जमलेले सधन लोक आपापले खाऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. पौल नुसत्या उपासमारीवर थांबत नाही. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही खाली पाहायला लावता, याचा त्याला संताप आहे. पोट भरले पण मान खाली गेली, तर त्या पंगतीत काही तरी मोडलेच. आज धान्याची पिशवी हातात देताना फोटो काढला जातो, तेव्हा नेमके हेच मोडते. देणारा तो फोटो विसरून जातो, पण घेणाऱ्याची मुले तो शाळेतल्या सोबत्यांच्या मोबाइलवर पाहतात.

यावर पहिला आक्षेप हिशेबाचा येतो. सगळे झाकून चालले तर पैसा कुठे मुरला हे कोण पाहणार? प्रश्न रास्त आहे, आणि ट्रस्टच्या कारभारात तो विचारलाच पाहिजे. पण नाव झाकणे आणि हिशेब झाकणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सान मार्तिनोच्या मंडळाने पहिल्यापासून जमाखर्चाच्या वह्या ठेवल्या. पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला. आपल्यावर कोणी बोट ठेवू नये, हे कारण तो करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्वतःच देतो. वही असावी, ती तपासलीही जावी. फक्त तिची पाने भिंतीवर लावायची नसतात.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो शुभवर्तमानातूनच येतो. तुमची सत्कृत्ये लोकांना दिसू द्या, असेही येशू त्याच प्रवचनात सांगतो. शिवाय एकाचे पाहून दुसरा देतो, हा अनुभव सगळ्यांचाच. पौलानेही मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांचे उदाहरण देऊन करिंथकरांना जागे केले. पण तिथे मंडळ्यांचे नाव येते, कोणत्या घराने किती दिले याची यादी येत नाही. दिसायचे ते काम, आणि दिसल्यावर गौरव व्हायचा तो पित्याचा. बाकावर, पंख्यावर, वेदीच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरले की लक्ष दुसरीकडे जाते. नावाची हौस माणसाला असतेच. सान मार्तिनोच्या मंडळालाही सुरुवातीला मोठा आधार कोझिमो दे मेदिचीसारख्या सत्ताधारी सावकाराचा होता आणि त्याच्या हेतूंविषयी इतिहासकार आजही वाद घालतात. तरीही मंडळाच्या नाव झाकण्याच्या रीतीमुळे मदत घेणारे घर कोणाच्या उपकाराखाली उघडपणे उभे राहिले नाही. हेतू शुद्ध नसतानाही चांगली रीत गरिबाला वाचवते, हे मला फार मोलाचे वाटते.

अशी रीत आपल्या जवळही आहे. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखा मुंबईपासून गोव्यापर्यंत अनेक चर्चमध्ये आहेत. सभासद गरजूंच्या घरी जातात. बैठकीत वर्गणी गोळा करताना या सोसायटीत बंद पिशवी फिरवण्याची जुनी चाल आहे. प्रत्येकाने मूठ आत घालायची आणि काढायची. यात मोठी रक्कम टाकणारा झाकला जातो, हे सहज लक्षात येते. पण त्या आठवड्यात ज्याच्या खिशात काहीच नव्हते तोही झाकला जातो. देणारा आणि गरजू हे एकाच बाकावर बसलेले असू शकतात, याची जाण त्या पिशवीत आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. गुप्तदानाच्या आडून हक्काचे देणे चुकवता येत नाही. याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची थकवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असा इशारा धनवानांना दिलेला आहे. मजुरी अडवून ठेवणाऱ्या मालकाने त्याच मजुराच्या घरी रात्री गुपचूप तांदूळ पाठवले, तर त्याला नम्रता म्हणता येणार नाही. ते पैसे उघडपणे, ठरलेल्या दिवशी, मजुरी म्हणूनच हातात पडले पाहिजेत, कारण ते घेताना मजुराला कोणापुढे वाकावे लागत नाही.