विगाताचा फौजदार

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्तो एंपेदोक्ले नावाचं बंदर आहे. २००३ साली या गावानं अधिकृतपणे आपल्या नावाला ‘विगाता’ हे नाव जोडून घेतलं. विगाता जगाच्या पाठीवर कुठेच नव्हतं. ते फक्त आंद्रेया कामिल्लेरींच्या कादंबऱ्यांत होतं, आणि तिथे वरचेवर खून पडत होते! काही वर्षांनी ते नाव पुन्हा गळलं. पण खुनांसाठी गाजलेल्या काल्पनिक गावाचं नाव खऱ्या गावाला मिरवावंसं वाटावं, हे विलक्षणच.

कामिल्लेरी याच बंदरात १९२५ साली जन्मले. हयात गेली नाटकांत आणि इटलीच्या सरकारी टीव्हीवर. कादंबऱ्यांतल्या इन्स्पेक्टर मेग्रेवरच्या मालिकेचं काम तिथे त्यांच्याकडे होतं. रहस्यकथा आतून कशी जुळवलेली असते, ते त्यांनी तेव्हा सुटं करून पाहिलं. इन्स्पेक्टर साल्वो मोंतालबानो मात्र अवतरला १९९४ मध्ये, लेखक सत्तरीला टेकल्यावर.

त्याची भाषा त्याच्याही आधीची. कामिल्लेरींचे वडील अखेरच्या आजारात होते, तेव्हा मुलानं त्यांना डोक्यात घोळणारी एक गोष्ट सांगितली. लिहून का काढत नाहीस, असं वडिलांनी विचारलं. इटालियनमध्ये जमत नाही, असं मुलगा म्हणाला. मग मला सांगितलीस तशीच लिही, असं वडिलांनी सुचवलं. सांगितली होती ती घरच्या बोलीत, थोडी सिसिलियन, थोडी इटालियन. मोंतालबानोही याच भाषेत जगतो, चिडतो आणि जेवतो. इतर प्रांतांतले इटालियन वाचकसुद्धा सुरुवातीची पानं अडखळत वाचतात, आणि तरी ही पुस्तकं लाखोंनी खपली.

मोंतालबानोच्या पहिल्या कादंबरीची सुरुवात बघा. दोन तरुण, दोघांकडे सर्वेअरची पदविका, दोघेही पहाटे रस्त्यावरचा कचरा उचलताहेत. ही नोकरीसुद्धा एका पुढाऱ्याच्या वशिल्यानं मिळालेली, आणि तीही निवडणुकीत त्याच्यासाठी राबल्यावर. वाचताना हसू फुटतं आणि लगेच घशात अडकतं. याच दोघांना गाडीत एका बड्या असामीचं प्रेत सापडतं, आणि त्यांच्या मनात पहिला विचार येतो तो पोलिसांना कळवण्याआधी कुणाला कळवावं हा. उलगडा अजून दूर आहे, पण गाव कुणाच्या इशाऱ्यावर चालतं ते आपल्याला समजलेलं असतं. इथला विनोद तपासाला विसावा म्हणून आलेला नाही. तो स्वतःच तपास करतो.

पोलीस ठाण्यात फोन घ्यायला बसतो कातारेल्ला. तो प्रत्येक नावाची अशी मोडतोड करतो की फोन नेमका कुणाचा होता, हे शोधणं हीच एक वेगळी केस होऊन बसते. दार तो ढकलत नाही, दारावर जाऊन आदळतो. पण हाच गडी संगणकात वाकबगार! शवविच्छेदन करणारे डॉक्टर पास्क्वानो पत्त्यात हरले की कुणाला जवळ करत नाहीत, मग मोंतालबानो गोड कान्नोलींचा पुडा घेऊन जातो आणि अहवाल आधीच ऐकून येतो. खून झालेल्या माणसाची चेष्टा मात्र कामिल्लेरी करत नाहीत. हसायचं ते जिवंत माणसांना.

आणि जेवण! मोंतालबानो जेवताना कुणाला बोलू देत नाही. जेवून झालं की धक्क्यावरून दीपस्तंभापर्यंत चालत जातो, तिथल्या सपाट खडकावर बसतो आणि विचार करतो. त्याची स्वयंपाकीण आदेलिना आरांचिनी करते, म्हणजे मांसाचं सारण आत भरून तळलेले भाताचे गोळे. त्याला तिचे दोन दिवस जातात. तिची दोन्ही पोरं तुरुंगाच्या सतत आत-बाहेर. एका कथेत ती वर्षअखेरीला मोंतालबानोला घरी बोलावते, आणि नेमका त्याच वेळी तिच्या एका पोरावर चोरीचा आळ येतो. पोरगा फरार झाला तर आरांचिनी कसले? मग फौजदार जीव तोडून तपास करतो. प्रेयसी लिविया पॅरिसला चल म्हणतेय, पण तो जातो आदेलिनाकडे. संशयित, त्याची आई आणि पोलीस एका टेबलावर बसून खाताहेत, या एका चित्रातून सिसिलीतलं कायद्याचं आणि शेजारधर्माचं नातं मला जितकं उमगलं, तितकं एखाद्या जाडजूड ग्रंथातून उमगलं नसतं.

मालिकेचा शेवट कामिल्लेरींनी आधीच, २००५ च्या सुमारास लिहून प्रकाशकांकडे ठेवला होता. मरणानंतर छापा, अशी अट. २०१९ साली ते गेले आणि पुढच्या वर्षी ‘रिकार्दिनो’ आली. तिच्यात ‘लेखक’ स्वतःच मोंतालबानोला फोन करतो आणि केस कशी पुढे न्यायची यावरून दोघे कडाकडा भांडतात. भर म्हणून, बाल्कनीत उभे असलेले लोक मोंतालबानोला पाहून आपसांत विचारतात, हा खरा मोंतालबानो की टीव्हीवरचा?