फॅफ्सा आणि टॅक्स रिटर्न : उत्पन्न कोणत्या वर्षाचे धरतात?

अमेरिकेत कॉलेजच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची आर्थिक मदत हवी असेल, तर फॅफ्सा हा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. पेल ग्रँट, सरकारी शैक्षणिक कर्ज आणि वर्क-स्टडी या तिन्ही गोष्टी याच अर्जावर मिळतात; अनेक राज्ये आणि कॉलेजेही आपली मदत ठरवताना तोच अर्ज वापरतात. अर्जातल्या माहितीवरून स्टुडंट एड इंडेक्स नावाचा आकडा काढला जातो. तो जितका कमी, तितकी मदतीची शक्यता जास्त. २०२५-२६ या वर्षासाठी पेल ग्रँटची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. हा इंडेक्स मुख्यतः आईवडिलांच्या टॅक्स रिटर्नवरून निघत असल्याने रिटर्न कधी भरायचे आणि अर्ज कधी करायचा, याबद्दल बरेच गैरसमज आढळतात.

गैरसमज : यंदाचे रिटर्न भरून झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही.

वस्तुस्थिती : फॅफ्सात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न विचारले जाते. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षाच्या अर्जासाठी २०२४ या कॅलेंडर वर्षाचे रिटर्न लागते. ते भरण्याची मुदत १५ एप्रिल २०२५ रोजीच संपली होती. म्हणजे हा अर्ज २०२५च्या शरद ऋतूत खुला झाला, तेव्हा बहुतेक कुटुंबांचे संबंधित रिटर्न केव्हाच दाखल झालेले होते.

हा गैरसमज जुन्या पद्धतीतून आला आहे. २०१६-१७ या वर्षापर्यंत अर्ज १ जानेवारीला खुला होई आणि त्यात नुकत्याच संपलेल्या वर्षाचे उत्पन्न द्यावे लागे. नोकरदारांच्या हाती तोवर वर्षभराच्या पगाराचा डब्ल्यू-२ फॉर्मही आलेला नसे. मग अंदाजे आकडे भरायचे, रिटर्न झाले की दुरुस्ती करायची, किंवा घाईघाईने फेब्रुवारीत रिटर्न उरकायचे, अशी कसरत चाले. २०१७-१८ पासून दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरण्याचा नियम लागू झाला आणि अर्ज खुला होण्याची तारीख १ ऑक्टोबरवर आली. ‘आधी रिटर्न, मग फॅफ्सा’ हा सल्ला मात्र तोंडोतोंडी टिकून राहिला.

गैरसमज : बारावीच्या वर्षात उत्पन्न कमी दाखवले की पुरे.

वस्तुस्थिती : तोवर पहिल्या अर्जाचे वर्ष हातातून गेलेले असते. २०२६च्या शरद ऋतूत कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी २०२४ हे वर्ष धरले जाते, म्हणजे दहावीचे दुसरे सत्र आणि अकरावीचे पहिले. शेअर विकणे, मोठा बोनस किंवा रॉथ निवृत्ती खात्यात पैसे वळवणे अशा एकरकमी उत्पन्नाचा विचार करायचा असेल, तर तो दहावीतला जानेवारी उजाडण्यापूर्वी करावा लागतो.

शिवाय अर्ज दरवर्षी नव्याने होतो. या विद्यार्थ्याच्या चार वर्षांसाठी अनुक्रमे २०२४, २०२५, २०२६ आणि २०२७ या वर्षांचे उत्पन्न पाहिले जाईल. पदवी चार वर्षांत पूर्ण झाली, तर २०२८चे उत्पन्न त्याच्या कोणत्याही अर्जात येणार नाही.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी इथे एक बाब लक्षात ठेवायला हवी. अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना जगभरातले उत्पन्न अमेरिकी रिटर्नमध्ये दाखवावे लागते. पुण्यातला फ्लॅट फेब्रुवारी २०२४ मध्ये विकला, तर भारतात तो व्यवहार २०२३-२४ या आर्थिक वर्षात मोडतो. अमेरिकेत मात्र त्यावरचा नफा २०२४च्या रिटर्नमध्ये जातो आणि २०२६-२७च्या फॅफ्सात उत्पन्न वाढवतो. तोच फ्लॅट डिसेंबर २०२३ मध्ये विकला असता, तर भारतातले आर्थिक वर्ष तेच राहिले असते, पण हा नफा २०२६-२७च्या अर्जात आला नसता.

गैरसमज : संपत्तीही दोन वर्षांपूर्वीची धरतात.

वस्तुस्थिती : उत्पन्न जुने, पण संपत्ती अर्जावर सही केलेल्या दिवसाची. बँकेतली शिल्लक, शेअर, म्युच्युअल फंड आणि राहत्या घराव्यतिरिक्तची स्थावर मालमत्ता यांची त्या दिवशीची किंमत द्यावी लागते. भारतातला भाड्याने दिलेला फ्लॅटही यात येतो. राहते घर आणि ४०१(के)सारख्या निवृत्ती खात्यांतली शिल्लक मोजली जात नाही. टॅक्सचा परतावा हे उत्पन्न नव्हे. पण तो खात्यात पडून असेल, तर त्या दिवसाच्या शिलकीत तो आपोआप येतो. थकलेले बिल किंवा देय कर सहीच्या आधी चुकता केला, तर शिल्लक तेवढी कमी दिसते आणि ते नियमाला धरूनच असते.

गैरसमज : रिटर्नसाठी मुदतवाढ घेतली की फॅफ्साचीही मुदत वाढते.

वस्तुस्थिती : दोन्ही मुदतींचा एकमेकींशी संबंध नाही. फॉर्म ४८६८ भरून रिटर्नची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवता येते. कर मात्र १५ एप्रिललाच भरावा लागतो. फॅफ्साची केंद्रीय अंतिम तारीख शैक्षणिक वर्ष संपताना, ३० जूनला असते; २०२६-२७साठी ती ३० जून २०२७ आहे. पण त्या तारखेवर विसंबून राहणे महागात पडते. राज्यांच्या आणि कॉलेजांच्या मुदती बऱ्याच आधी संपतात, आणि काही ठिकाणी निधी असेपर्यंतच मदत दिली जाते. ज्याला रिटर्न भरणे कायद्याने बंधनकारक होते, त्याने ते भरलेलेच नसेल, तर कॉलेजचे आर्थिक मदत कार्यालय तो प्रश्न सुटेपर्यंत पैसे अडवू शकते.

गैरसमज : रिटर्न भरले नसेल, तर आयआरएसकडून (अमेरिकी करखात्याकडून) माहिती घेण्याच्या संमतीचा प्रश्नच येत नाही.

वस्तुस्थिती : २०२४-२५ पासून करविषयक माहिती आयआरएसकडून थेट फॅफ्सात येते. त्यासाठी विद्यार्थ्याने आणि संबंधित पालकांनी संमती द्यावी लागते. रिटर्न भरलेले नसले किंवा ते दुसऱ्या देशात भरलेले असले, तरी ही संमती लागतेच. एकानेही ती नाकारली, तर विद्यार्थी केंद्रीय मदतीला अपात्र ठरतो. आईवडिलांनी एकत्र रिटर्न भरले असेल, तर एकाची संमती पुरते. वेगवेगळे भरले असेल, तर दोघांची लागते. भारतात राहून भारतातच कर भरणाऱ्या पालकांना आपले आकडे डॉलरमध्ये रूपांतरित करून स्वतः नोंदवावे लागतात.

गैरसमज : आईवडिलांनी रिटर्नमध्ये मुलाला अवलंबित दाखवले नाही, तर त्यांचे उत्पन्न धरले जात नाही.

वस्तुस्थिती : करखात्याची आणि फॅफ्साची अवलंबित्वाची व्याख्या वेगळी आहे. फॅफ्सात २४ वर्षे पूर्ण झालेला, विवाहित, पदव्युत्तर शिक्षण घेणारा किंवा लष्करात सेवा केलेला विद्यार्थी, तसेच अशाच काही ठरावीक गटांतले विद्यार्थी स्वतंत्र मानले जातात. स्वतःचे रिटर्न भरणारा, वेगळा राहणारा अठरा वर्षांचा मुलगा तेवढ्यावर स्वतंत्र ठरत नाही.

गैरसमज : दोन वर्षांत नोकरी गेली, तरी जुनेच उत्पन्न कायम राहते.

वस्तुस्थिती : फॅफ्सा आधी जुन्या आकड्यांनीच भरावा लागतो. त्यानंतर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला नोकरी सुटल्याचे पत्र, अलीकडच्या पगारपावत्या किंवा वैद्यकीय खर्चाची कागदपत्रे देऊन फेरविचाराची मागणी करता येते. एकेका प्रकरणाचा विचार करून आकडे बदलण्याचा अधिकार कायद्याने या कार्यालयाला दिला आहे. त्याचा निर्णय अंतिम असतो. आयआरएसकडे सुधारित रिटर्न भरले असेल, तर त्याची प्रतही याच कार्यालयाला द्यावी.

गैरसमज : पालक एच-१बी व्हिसावर असतील, तर मुलाला अर्ज करता येत नाही.

वस्तुस्थिती : केंद्रीय मदतीची पात्रता विद्यार्थ्याच्या दर्जावर ठरते, पालकांच्या नव्हे. अमेरिकेत जन्मलेला, म्हणून तिथला नागरिक असलेला मुलगा किंवा मुलगी, आईवडील एच-१बी आणि एच-४ व्हिसावर असले, तरी अर्ज करू शकते. ग्रीन कार्ड असलेला विद्यार्थीही पात्र असतो. एच-४ किंवा एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी मात्र केंद्रीय मदतीला पात्र नसतो.

गैरसमज : फॅफ्सा भरला की सगळ्या कॉलेजांचे काम झाले.

वस्तुस्थिती : अनेक खाजगी कॉलेजे स्वतःच्या निधीतली मदत ठरवताना कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्ज मागतात. त्यातले प्रश्न अधिक बारीक असतात. राहत्या घराची किंमतही विचारली जाते, आणि टॅक्सची कागदपत्रे मागवली जाऊ शकतात. त्याची मुदत प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते आणि ती प्रवेशअर्जाच्या मुदतीच्या आसपास असू शकते. त्यामुळे रिटर्नच्या प्रती, डब्ल्यू-२ आणि बँकेची विवरणपत्रे अकरावी संपेपर्यंत एकत्र करून ठेवावीत.