गुहा, डोंगर आणि कोलू पाटलाचा तलाव



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस सहलीविषयी लिहीत आहोत. पण गाडी शेवटी पाण्याच्या हिशोबावरच येऊन थांबणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मुलांच्या शाळेसाठी आमचे बिऱ्हाड नागपुरास असते. एकदा मोळी पडली की उन्हाळा लागेपर्यंत आम्ही घरात पाहुणेच. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत, हंगामाआधी, मेहुण्यांची जीप मागून घेतली. आई, सौ. आणि दोन्ही मुले अशी सारी मंडळी तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन पहाटेच निघालो.

भंडारा मागे पडला आणि दोन्ही बाजूंना पिकायला आलेला धान दिसू लागला. धानाच्या वर कुठे बोडी, कुठे तलाव. धाकट्याने मोजायला सुरुवात केली. गोंदिया येईपर्यंत त्याची मोजणी केव्हाच चुकली होती.

पहिल्या दिवशी सालेकसा तालुक्यातील कचारगड पाहिला. दरेकसा स्टेशनाजवळचा हा जंगलातला डोंगर. चढ चांगलाच दमवतो. वर डोंगराच्या पोटात निसर्गानेच केलेली भली मोठी गुहा आहे. गोंड बांधवांचे हे श्रद्धास्थान. गुहेत कोंडलेल्या देवांना पारी कुपार लिंगोने सोडवले, अशी त्यांची परंपरा सांगते. माघ पौर्णिमेच्या यात्रेला शेजारच्या राज्यांतूनही हजारो भाविक येतात. आईने न सांगताच चपला बाहेर काढल्या. आत गेल्यावर आमची बॅटरी विझली. सेल नवे घ्यायचे राहून गेले होते! सौ.ने एवढेच म्हटले, "कारखान्याचं सगळं लक्षात राहतं." मग एकमेकांचे हात धरून बाहेर आलो.

रात्री गोंदियात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी नवेगावबांध गाठले. डोंगरांच्या कुशीत सुमारे ११ चौरस किलोमीटरचे पाणी पसरलेले. मुलांना ते समुद्रच वाटले. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीस कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. डोंगरांमधल्या खिंडी बांध घालून अडवल्या आणि पाणी थांबले. लोकांनी पुढे कोलू पाटलाला कोलासुर देव म्हणून पुजले.

आम्ही पाण्याकडे पाहत उभे होतो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भाऊ, पानी तं सारेच पायतेत. पार पाहून जा."

पार म्हणजे तलावाची पाळ. त्यांनी तेथल्या तलावांची सारी रचना मुलांना समजावली. पाणी सोडायचे दार ते तुडुम, जादा पाणी वाहून जाण्याची वाट ती सलंग. तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन द्यायची, अशी गोंड राजांची रीत होती. त्यातून कोहळी समाजाने वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव उभे केले आणि त्यांच्या पाण्यावर धान व ऊस पिकवला. म्हणजे आपल्या पिकाचे हे जुने जाणकार. त्यांचा क्रम मात्र साधा होता: आधी तलाव, मागून ऊस. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पुष्कळ ठिकाणी गाळ कोणी काढायचा हा प्रश्न तसाच राहिला.

परतताना थोरलीने विचारले, "बाबा, कारखान्याच्या गावांतले तलाव कोणी बांधले?" आम्हाला सांगता आले नाही. गटवार उसाची नोंद तोंडपाठ, पण तलावांची माहिती शून्य!

येथे एक कबुली देणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका सभासदाला आग्रह करून दोन एकर सुरू उसाची लागण करायला लावली. मे महिन्यात विहिरीला पाणी राहील का, हे विचारले नाही. विहीर आटली. ऊस वाळून जनावरांपुढे गेला. ते भले गृहस्थ आम्हाला एक शब्द बोलले नाहीत, पण त्यांच्या बांधावरून जाताना आजही मान खाली जाते.

हिशोब सरळ आहे. उसाला १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. नागपूरकडे पाऊस सरासरी ११०० च्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले पाणी विहीर, तलाव किंवा कालवा यांतूनच यायचे. ठिबकने पाणी वाचते, पण मुळात साठाच नसेल तर ठिबक तरी काय देणार?

म्हणून यापुढे लागणीची नोंद घेताना आम्ही प्रथम विहिरीची मे महिन्यातली पातळी विचारणार आहोत. कृपया खरी सांगावी. नोंद कमी झाली तर वरिष्ठांना उत्तर आम्ही देऊ. गावच्या तलावात गाळ असेल तर गट ऑफिसला कळवा. २०१७ पासून शासनाची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. अर्ज लिहायला आम्ही मदत करू. काढलेला गाळ माती परीक्षण करून शेतात टाकावा.

आणि सवड काढून मुलांना घेऊन नवेगावबांधला जरूर जाऊन या. पाणी बघाच, पण पार पाहून या. जाताना बॅटरीचे सेल मात्र नवे घ्या.