एका आकाशाखाली जन्मलेले दोन नोबेलविजेते

पाउल एर्लिश यांचा जन्म १४ मार्च १८५४ चा आणि एमिल फॉन बेरिंग यांचा १५ मार्च १८५४ चा. दोघेही त्या वेळच्या प्रशियातले. दोघांचीही जन्मगावे आज पोलंडमध्ये आहेत. पुढे दोघे बर्लिनला जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत आले आणि दोघांनीही वैद्यकाचे नोबेल मिळवले. बेरिंगना १९०१ साली, म्हणजे वैद्यकातले अगदी पहिलेच, आणि एर्लिशना १९०८ साली. ज्योतिषाची आवड असलेल्या माणसाला याहून चांगली जोडी कुठे सापडणार?

तेव्हा पत्रिका मांडूनच पाहू. ते दिवस फाल्गुन पौर्णिमेच्या आसपासचे. निरयन गणिताने रवी नुकताच मीन राशीत आलेला. शनी दिवसाला सरासरी दोन कला सरकतो, गुरू पाच. म्हणजे दोन्ही पत्रिकांत हे ग्रह जवळपास त्याच अंशावर. फरक पडेल तो चंद्राचा, कारण तो दिवसात तेरा अंश पुढे जातो, आणि लग्नाचा. लग्नरास तर साधारण दोन तासांनी बदलते.

इथेच घोडे पेंड खाते. संपूर्ण जर्मनीत जन्माची सरकारी नोंद, तासासकट, सक्तीची झाली ती १८७६ पासून. प्रशियात थोडी आधी. त्यामुळे १८५४ च्या जन्माचे लग्न छातीठोकपणे सांगणाऱ्या पत्रिकेकडे जरा संशयानेच पाहिलेले बरे.

आता माणसे पाहा. बेरिंग शाळामास्तरांच्या तेरा मुलांतले एक. शिक्षणाला पैसा नव्हता, म्हणून लष्करी वैद्यकीय संस्थेत शिकून लष्करी डॉक्टर झालेले. एर्लिश ज्यू कुटुंबातले, रंगांच्या मागे वेडे झालेले, सतत सिगार ओढणारे. २४ मार्च १८८२ ला कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हा एर्लिश श्रोत्यांत होते. तो जंतू रंगवण्याची अधिक चांगली रीत त्यांनी लगेच शोधून काढली. १८९० साली बेरिंग आणि त्यांचे सहकारी किटासाटो यांनी घटसर्पावरच्या प्रतिविषाचे काम प्रसिद्ध केले, पण ते प्रतिविष असलेल्या रक्तद्रवाची ताकद एकसारखी नसे. ती मोजायची कशी, हे एर्लिश यांनी ठरवून दिले. ‘होएख्स्ट’ कंपनीने १८९४ पासून ते औषध विकायला काढले आणि नफ्यावरून दोघांचे बिनसले. पुढे बेरिंग मारबुर्गला कारखानदार झाले, एर्लिश फ्रँकफुर्टच्या प्रयोगशाळेत राहिले. मीनेचा रवी दोघांचाही. एकाला ‘व्यवहारदक्ष’ म्हणायला तो चालतो, दुसऱ्याला ‘आपल्याच तंद्रीतला’ म्हणायलाही चालतो. त्या दोन दिवसांत प्रशियात इतरही कितीतरी मुले जन्मली. त्यांना कॉख यांची प्रयोगशाळा मिळाली नाही.

एकट्यादुकट्या पत्रिकेवरून काही ठरत नाही, हे मिशेल गोकेलँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाला पक्के ठाऊक होते. फ्रान्समध्ये जन्मदाखल्यावर वेळ लिहिण्याची प्रथा जुनी. त्याने फ्रेंच वैद्यक अकादमीच्या ५७६ सदस्यांच्या जन्मवेळा गोळा केल्या आणि १९५५ साली दावा केला की यांच्या जन्माच्या वेळी मंगळ किंवा शनी नुकताच उगवलेला किंवा नुकताच माथ्यावरून ढळलेला असण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आहे. पुढे त्याने जर्मनी, इटली, बेल्जियम आणि हॉलंडमधूनही नोंदी जमवल्या. गंमत अशी की या जागा आपल्या हिशेबाने बारावे आणि नववे स्थान. कर्तृत्व दशमात शोधणाऱ्या ज्योतिषाला बाराव्या, म्हणजे व्ययस्थानातला मंगळ मोठा डॉक्टर घडवतो हे पचायचे कसे? राशींना तर गोकेलँच्या आकडेमोडीत काहीच आधार मिळाला नाही.

ग्योटिंगेनचे मानसशास्त्राचे प्राध्यापक सुइटबर्ट एर्टेल यांनी हे आकडे पुन्हा तपासले. डॉक्टरांप्रमाणे खेळाडूंच्याही जन्मवेळा तपासताना गोकेलँने काही नोंदी बाजूला ठेवल्याचे त्यांनीच दाखवले, तरी मंगळाचा परिणाम खरा असल्याचे त्यांचे मत कायम राहिले. विरोधकांचा आक्षेप साधा होता: ‘नामवंत’ कोण, हे जन्मवेळ हातात आल्यावर ठरवले, तर हवे ते निघते.

त्याच गोकेलँने १९६८ साली पॅरिसच्या एका साप्ताहिकात फुकट भविष्याची जाहिरात देऊन सगळ्यांना एकच मजकूर पाठवला. ९४ टक्के लोकांनी वर्णन तंतोतंत जुळल्याचे कळवले. तो मजकूर ज्या पत्रिकेवरून काढला, ती होती डॉक्टर मार्सेल पेत्यो याची. अनेक खुनांबद्दल १९४६ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला होता.

आपल्याकडे पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांचीच चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेली मुले, अशा दोनशे पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या आणि कोण कुठल्या गटातला ते विचारले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के निघाली. नाणे उडवले असते तर पन्नास टक्के आली असती. तेव्हा कुणी एखाद्या थोर डॉक्टरची पत्रिका घेऊन ‘योग’ समजावू लागला, तर आधी त्याला नाव झाकलेल्या दहा पत्रिका द्या आणि त्यांतला डॉक्टर ओळखायला सांगा.