गावाचं सुख पाण्याच्या पाळीत



मागच्या उन्हाळ्यात गटातल्या काही सभासदांबरोबर आंबेनळी घाट उतरून उमरठला जाणं झालं. नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी इथे आहे. घरचं लग्नकार्य बाजूला ठेवून ते १६७० साली कोंढाण्यावर गेले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दर्शन झालं, पण डोक्यात बसलं ते पाणी. पोलादपूर तालुक्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्या टँकरची वाट बघतात! डोंगरउतारावर पाणी थांबतच नाही. म्हणजे पाऊस किती पडला यावर गावाचं सुख ठरत नाही. पाणी अडवलं किती अन् वाटलं कसं, यावर ठरतं.

पुढे महाडला चवदार तळं पाहिलं. तळं सर्वांना खुलं, असा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तरी अस्पृश्य मानलेल्यांना तिथे पाणी भरता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह तिथलं पाणी घेतलं. त्यावरच्या दाव्याचा हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. ठराव झाला म्हणजे पाणी मिळालं असं नसतं.

आता आपलं बघू. कारखान्याच्या वार्षिक सभेत एक सभासद, एक मत. मग ऊस दहा गुंठे असो की दहा एकर. पण चारीवर? वरच्याची मोटर रात्रंदिवस चालते अन् टेलच्याचा खोडवा वाळतो. तो सभासद विचारतो, "साहेब, माझा शेअर काय कमी किमतीचा हाय का?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसावर: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. अन् उसाला पाणी नाही!

ऊस विकास अधिकाऱ्याने हे लिहावं, हे काहींना खटकेल. ऊस सोडा असं माझं म्हणणं नाही. पण येत्या लागणीआधी प्रत्येक चारीवरच्या सभासदांनी एकत्र बसावं. टेलपासून वर अशी पाळी लिहून काढावी अन् पाळावी. ठिबक करावं, पाचट जाळू नये, सरीत आच्छादन करावं. वाचलेलं पाणी खाली जाऊ द्यावं.

शेजाऱ्याचा ऊस वाळताना आपला हिरवा दिसला, तर त्यात सुख कसलं? बैठक ठरवा, निरोप द्या. मी येतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी